ऑक्सिजन सिलिंडरच्या जोडावर पुन्हा पुन्हा होणारी गळती: कारण कुठे शोधावे आणि काय करू नये

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गॅस कटिंगचे काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही तक्रार परिचित आहे. नवा सिलिंडर येतो, रेग्युलेटर (सिलिंडरमधला जास्त दाब कमी करून कामापुरता देणारा भाग) चढवला जातो, आणि चावीने व्हॉल्व्ह उघडताच जोडापाशी बारीक फुसफुस ऐकू येते. पाना आणखी आवळला की आवाज थांबतो. एक-दोन दिवसांनी तो पुन्हा सुरू होतो. पुढच्या सिलिंडरलाही तेच होते आणि त्याच्या पुढच्यालाही तेच. मग कोणी आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतो, कोणी पान्याच्या दांड्यात पाइपचा तुकडा घालून जोर वाढवतो, तर कोणी आटे जड फिरतात म्हणून तेलाचा थेंब सोडतो. यांतल्या पहिल्या दोन उपायांनी गळतीचे मूळ कारण बळावते आणि तिसऱ्या उपायाने माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणून ही गळती नेमकी कशामुळे परत येते, ते क्रमाने तपासण्याची पद्धत येथे देत आहे.

येथे गृहीत धरलेला सिलिंडर म्हणजे आपल्याकडे सर्वत्र दिसणारा औद्योगिक ऑक्सिजनचा काळा सिलिंडर. त्याची पाण्याच्या मापाने क्षमता ४६.७ लिटर असते आणि पूर्ण भरल्यावर त्यातला दाब सुमारे १५० किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर असतो, ज्याला शेडमध्ये नुसते ‘१५० किलो’ म्हणतात. या दाबाला त्यात साधारण ७ घनमीटर वायू मावतो. सिलिंडर काळा पण खांद्याचा भाग पांढरा असेल, तर तो वैद्यकीय ऑक्सिजनचा आहे. तो कटिंगसाठी वापरू नये, पुरवठादाराला परत करावा.

आवाज ऐकू आल्यावर सर्वात आधी

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. दाब असताना जोड आवळू नये, मग गळती कितीही किरकोळ वाटो. दाबाखाली आवळताना आटा सरकला किंवा नटला तडा गेला, तर १५० किलो दाबाने रेग्युलेटर सुटून निघतो आणि समोर जो असेल त्याला लागतो. व्हॉल्व्ह बंद केल्यावर कटरचा ऑक्सिजनचा कॉक उघडून होज पाइपमधला दाब सोडून द्यावा, रेग्युलेटरचे दोन्ही काटे शून्यावर आल्याची खात्री करावी आणि मगच जोडाला हात लावावा. दाब सोडताना आजूबाजूला पेटती ज्योत, ग्राइंडरच्या ठिणग्या किंवा वेल्डिंग चालू नसावे.

व्हॉल्व्ह बंदच होत नसेल, किंवा गळती जोडातून नसून स्पिंडलच्या (चावीने फिरणाऱ्या दांड्याच्या) ग्लँडमधून, म्हणजे त्या दांड्याभोवतीच्या सीलमधून, किंवा व्हॉल्व्ह जिथे सिलिंडरच्या मानेत बसवलेला असतो तिथून येत असेल, तर ती दुरुस्ती वापरणाऱ्याने करायची नाही. शेडची दारे-खिडक्या उघडाव्यात, आसपासचे आगीचे काम थांबवावे, माणसे दूर करावीत, सुरक्षितपणे शक्य असल्यास सिलिंडर मोकळ्या हवेत न्यावा आणि पुरवठादाराला कळवावे. मानेतला व्हॉल्व्ह पान्याने फिरवून बघण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह शंभर टक्के आवरला पाहिजे.

गळती आट्यांमुळे थांबत नाही

नळजोडणीत पाणी आट्यांच्या फटींतून झिरपते, म्हणून तिथे टेप गुंडाळणे योग्य असते. ऑक्सिजनच्या जोडाची रचना वेगळी आहे. भारतात औद्योगिक ऑक्सिजन सिलिंडरच्या व्हॉल्व्हला आतल्या बाजूने पाच अष्टमांश इंची उजवे आटे असतात. रेग्युलेटरच्या निप्पलचे (व्हॉल्व्हच्या तोंडात शिरणाऱ्या आखूड नळीचे) टोक गोलसर घडवलेले असते आणि ते व्हॉल्व्हच्या आतल्या उतरत्या सीटवर, म्हणजे टेकण्याच्या पृष्ठभागावर, जाऊन बसते. वायू अडतो तो या दोन धातूंच्या पृष्ठभागांमधल्या एका अरुंद वर्तुळाकार रेषेवर. काही रेग्युलेटरांत त्या टोकाला ओ-रिंगही असते. आट्यांचे काम एवढेच की निप्पल सीटवर दाबून धरायचे. आट्यांतून वायू बाहेर येताना दिसला, तरी तो सीटवरून आधीच निसटलेला असतो.

हे एकदा लक्षात आले की टेप का चालत नाही ते उघड होते. टेपमुळे आटे जाड होतात, नट पूर्ण आत जाण्याआधीच घट्ट लागतो आणि निप्पल सीटवर नीट टेकतच नाही. शिवाय जोड उघडताना टेपचे बारीक धागे तुटून आत जातात आणि रेग्युलेटरच्या आतल्या व्हॉल्व्हखाली अडकतात. मग कटर बंद असतानाही कामाच्या दाबाचा काटा हळूहळू वर सरकू लागतो. म्हणजे एक दोष बुजवण्यासाठी दुसरा दोष ओढवून घेतला जातो.

जोर वाढवण्याचे परिणाम आणखी दूरवर जातात, आणि माझ्या मते वारंवार होणाऱ्या गळतीचे सर्वात मोठे कारण हेच आहे. एखाद्या सिलिंडरच्या सीटवर धुळीचा किंवा धातूच्या किसाचा कण असतो. साफ न करता नट आवळला जातो, कण निप्पलच्या टोकात रुततो आणि तिथे ओरखडा पडतो. गळती राहते म्हणून आणखी जोर लावला जातो, ओरखडा खोल होतो. तो सिलिंडर संपतो आणि परत जातो, पण जखमी निप्पल आपल्याकडेच राहते. ते पुढच्या सिलिंडरच्या चांगल्या सीटवर तितक्याच जोराने दाबले जाते आणि तीही बिघडते. अशा रीतीने एका शेडमधला एक रेग्युलेटर कित्येक सिलिंडर खराब करू शकतो, आणि ते सिलिंडर फिरून दुसऱ्या शेडमध्ये गेले की तिथली निप्पले बिघडवतात. पुरवठादाराला दोष देण्याआधी आपला रेग्युलेटर तपासावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

दोष कोणाचा, सिलिंडरचा की रेग्युलेटरचा

यासाठी काट्यांची चाचणी सर्वात भरवशाची आहे. कटरचे कॉक बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडावा, रेग्युलेटरचे हँडल फिरवून होज पाइपमध्ये नेहमीचा कामाचा दाब घ्यावा, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करावा आणि हँडल उलटे फिरवून सैल करावे. आता जास्त दाबाचा आणि कामाच्या दाबाचा, असे दोन्ही काटे कुठे आहेत ते खडूने काचेवर खूण करून ठेवावे आणि काही मिनिटे नुसते पाहावे.

जास्त दाबाचा काटा खाली येत असेल आणि कामाच्या दाबाचा स्थिर असेल, तर गळती सिलिंडरचा जोड किंवा त्या गेजचा स्वतःचा जोड यांपैकी एका ठिकाणी आहे. जास्त दाबाचा काटा उतरत असताना कामाच्या दाबाचा वर चढत असेल, तर रेग्युलेटरच्या आतली सीट धरत नाही. अशा रेग्युलेटरने काम चालू ठेवू नये, कारण कटर बंद असताना होज पाइपवर दाब वाढत राहतो. फक्त कामाच्या दाबाचा काटा उतरत असेल, तर दोष पुढे आहे: होज पाइप, त्याचे क्लिप, चेक व्हॉल्व्ह (वायू उलटा जाऊ न देणारा), फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे येऊ न देणारा) किंवा कटरचे कॉक. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून सगळा दाब सोडून दिल्यानंतरही जास्त दाबाचा काटा शून्यावरून पुन्हा वर जात असेल, तर तो व्हॉल्व्हच पूर्ण बंद होत नाही आणि सिलिंडर परत पाठवायला हवा.

काट्यांनी जोडाकडे बोट दाखवले, की पुढची चाचणी अदलाबदलीची. तोच रेग्युलेटर दुसऱ्या सिलिंडरवर चढवावा आणि पहिल्या सिलिंडरवर माहितीतला, चांगला रेग्युलेटर लावावा. गळती रेग्युलेटरबरोबर गेली तर निप्पल खराब. सिलिंडरजवळ राहिली तर व्हॉल्व्हची सीट खराब. मात्र उघड ओरखडा दिसत असलेले निप्पल या चाचणीसाठीसुद्धा दुसऱ्या सिलिंडरला लावू नये.

निप्पल पाहायची रीत अशी. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, ग्रीस लागलेले हातमोजे काढून ठेवावेत. बॅटरीचा उजेड तिरका पाडून भिंगातून टोकाकडे पाहावे. चांगल्या निप्पलवर सभोवार एकसारखी, अखंड, मंद चकाकणारी कडी दिसते. तीच सीटवर टेकण्याची रेषा. ही कडी कुठे तुटलेली, कुठे रुंद झालेली किंवा तिला आडवी जाणारी बारीक रेघ दिसली, तर वायू तिथूनच निसटतो. ओ-रिंग असेल तर ती चपटी, तडकलेली किंवा कापलेली आहे का ते पाहावे. ओ-रिंग बदलायची झाल्यास ऑक्सिजनसाठी असलेली, रेग्युलेटर बनवणाऱ्यानेच दिलेली घ्यावी; हार्डवेअरच्या दुकानातली मापात बसणारी रिंग चालत नाही. निप्पल कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून ‘सरळ’ करू नये. ते हाताने पुन्हा अचूक होत नाही आणि घासलेला भुगा आत जातो. निप्पल किंवा संपूर्ण रेग्युलेटर बदलणे हाच उपाय आहे, आणि त्याचा खर्च वाया जाणाऱ्या ऑक्सिजनच्या तुलनेतही जड नाही.

बुडबुड्यांनी गळती पाहायची असेल, तर ऑक्सिजनसाठी मान्य असलेला, तेल-चरबी नसलेला लीक डिटेक्शन द्रव वापरावा. अंगाच्या साबणात चरबीचे अंश असतात, म्हणून त्याचे पाणी जोडावर लावू नये. चाचणी झाल्यावर जोड स्वच्छ, ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. काडी पेटवून गळती शोधण्याचा विचारही मनात आणू नये.

तेलाचा एक थेंब

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो जाळतो. हवेत शांतपणे पडून राहणारे तेल किंवा ग्रीस जास्त दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीशिवाय पेट घेऊ शकते, आणि एकदा पेट घेतला की ती उष्णता आधी रबर आणि मग धातूचे भाग असे पुढचे पदार्थ पेटवत जाते. हे पेटण्याचे निमित्त बहुतेक वेळा व्हॉल्व्ह झटक्यात उघडणे हेच असते. रेग्युलेटरच्या पोकळीत साध्या दाबाची हवा असते. मागून १५० किलो दाबाचा ऑक्सिजन एकदम घुसला की ती क्षणार्धात दाबली जाते आणि तापते. उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असे धरून गणित केले, तर हे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रत्यक्षात धातू थोडी उष्णता शोषून घेतो, पण तेलाच्या पुसटशा थराला पेटण्यासाठी इतक्या उष्णतेची गरजही नसते.

त्यामुळेच ऑक्सिजनच्या गेजच्या तबकडीवर तेल वापरू नये अशी सूचना छापलेली असते, आणि भारताच्या गॅस सिलिंडर नियम, २०१६ मध्ये व्हॉल्व्ह किंवा इतर फिटिंगला तेल अथवा तत्सम वंगण लावण्यास स्पष्ट मनाई आहे. या नियमांची अंमलबजावणी करणारी केंद्र सरकारची पेसो (पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन) ही संस्था. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

तेल नेहमी तेलाच्या डब्यातूनच येते असे नाही. ते येते चिकट हातमोज्यांतून, चेन ब्लॉकच्या साखळीतून सिलिंडरवर टपकणाऱ्या ग्रीसमधून, कंप्रेसरच्या हवेतून, आणि ज्या फडक्याने लेथ पुसली त्याच फडक्याने निप्पल पुसल्यामुळे. काही ठिकाणी धुळीने भरलेला रेग्युलेटर रॉकेल, डिझेल किंवा थिनरने धुतात. असा धुतलेला रेग्युलेटर वरून चकाचक दिसतो, पण आतल्या खाचांत राहिलेले रॉकेल कशानेही दिसत नाही. तेल किंवा रॉकेल लागल्याची शंका जरी आली, तरी तो रेग्युलेटर ताबडतोब बाजूला काढावा, त्यावर चिठ्ठी बांधावी आणि ऑक्सिजनसाठी साफसफाई करणाऱ्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडेच पाठवावा. आटे जड फिरत असतील, तर आटे घाण किंवा खराब झाले आहेत. त्याचे उत्तर वंगण नाही.

‘एवढीशी’ गळती

ऑक्सिजनला रंग नाही, वास नाही, आणि श्वासाला त्रासही होत नाही. एलपीजीची गळती नाक ओळखते, ऑक्सिजनची नाही. म्हणून फुसफुस ऐकूनही काम चालू ठेवले जाते.

एक हिशेब करून पाहू. संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद न करता सिलिंडर तसाच राहिला आणि सकाळी काटा १५ किलोने खाली आला. ४६.७ लिटरला १५ ने गुणले की साधारण ७०० लिटर ऑक्सिजन बाहेर पडला. उघड्या, उंच शेडमध्ये तो विरून जातो. पण हाच वायू ८ घनमीटरच्या बंद टाकीत साठला, तर तिथल्या हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण २०.९ टक्क्यांवरून २७ टक्क्यांच्या पुढे जाते. अनेक औद्योगिक मानकांत २३.५ टक्क्यांच्या वरची हवाच धोकादायक, ऑक्सिजनने समृद्ध हवा धरली जाते. अशा हवेत सुती कपडे, केस, होज पाइपचे रबर हे सारे नेहमीपेक्षा फार लवकर पेटते आणि फार वेगाने जळते. ऑक्सिजन हवेपेक्षा किंचित जड असल्याने तो खड्डे, नाल्या आणि टाकीच्या तळाशी रेंगाळतो.

२३ सप्टेंबर १९७६ रोजी इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या गोदीत ‘एचएमएस ग्लासगो’ ही युद्धनौका बांधली जात असताना आग लागून ८ कामगार मृत्युमुखी पडले. जहाजाच्या आत रात्रभर राहिलेल्या ऑक्सिजनच्या होज पाइपमधून गळती होत राहिली होती आणि सकाळी वेल्डिंग सुरू होताच त्या हवेत आग भडकली. म्हणून टाकी, बॉयलर, पाइपलाइन किंवा कोणत्याही बंदिस्त जागेत काम करताना सिलिंडर बाहेरच ठेवावेत, आणि जेवणाच्या सुट्टीतसुद्धा होज पाइप व कटर बाहेर काढून सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद करावेत.

याच्याशी जोडलेली आणखी एक सवय बंद व्हायला हवी. उन्हाळ्यात अंगाला गार वारा घेण्यासाठी, कपड्यांवरची धूळ झटकण्यासाठी किंवा कामाची जागा साफ करण्यासाठी ऑक्सिजनचा फवारा वापरला जातो. कापडाच्या धाग्यांत ऑक्सिजन शिरून राहतो आणि नंतर पडलेली एक ठिणगी तो माणूस पेटवून देते. कपड्यांवर ऑक्सिजन गेला असेल, तर ज्योत आणि ठिणग्यांपासून दूर, मोकळ्या हवेत किमान १५ मिनिटे थांबून कपडे झटकावेत, शक्यतो बदलावेत. विडी-सिगारेट तर लांबच.

पुन्हा जोडताना

सिलिंडर उभा, ट्रॉलीला किंवा भिंतीला साखळीने बांधलेला असावा. व्हॉल्व्हच्या तोंडात उजेड टाकून पाहावे. धूळ, पाणी, टेपचे धागे किंवा तेलकट डाग दिसतो का ते तपासावे. तेलकट डाग असेल तर तिथेच थांबावे, तो सिलिंडर वापरू नये. नुसती धूळ असेल, तर व्हॉल्व्हच्या तोंडासमोर कोणी नाही आणि जवळ ज्योत नाही हे पाहून, स्वतः बाजूला उभे राहून, व्हॉल्व्ह क्षणभर किंचित उघडून लगेच बंद करावा. कण उडून जातो आणि निप्पल वाचते. निम्म्याहून अधिक गळत्या या एका कृतीने टळतात असे मला वाटते, आणि नेमकी हीच कृती घाईत गाळली जाते.

नट आधी हाताने फिरवावा. तो हाताने सहज आत जात नसेल तर आटे तिरके लागत आहेत. उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. मग योग्य मापाच्या, नेहमीच्या लांबीच्या पान्याने घट्ट करावा, पाइप लावू नये. रेग्युलेटरचे हँडल उलटे फिरवून पूर्ण सैल केल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नये. उघडताना गेजच्या समोर उभे न राहता सिलिंडर आपल्या आणि रेग्युलेटरच्या मध्ये येईल असे उभे राहावे आणि चावी अगदी हळू फिरवावी, म्हणजे जास्त दाबाचा काटा झेप न घेता सावकाश वर येईल. काटा थांबला की मग व्हॉल्व्ह आणखी उघडावा. काम चालू असेपर्यंत चावी व्हॉल्व्हवरच राहू द्यावी.

काटा रोज पाहणाऱ्यांसाठी एक खुलासा. दुपारी ४० अंश तापमानाला १५० किलो दाखवणारा सिलिंडर पहाटे २५ अंशांना गळतीशिवायही १४३ किलोच्या आसपास दाखवतो. तेव्हा रात्रीतून ६-७ किलोंचा फरक दिसला की लगेच जोड आवळायला धावू नये. दुपारी पुन्हा पाहावे. दाब परत वर आला तर तो हवामानाचा खेळ होता.

सीट खराब असलेला सिलिंडर परत करताना व्हॉल्व्ह बंद करून, टोपी बसवून, त्यावर चिठ्ठी बांधावी आणि चिठ्ठीवर ‘सदोष’ एवढेच न लिहिता सिलिंडरचा क्रमांक, तारीख, गळती जोडावर होती की ग्लँडमधून की मानेतून, आणि दुसऱ्या रेग्युलेटरने तपासले होते का, हे लिहावे. रिकामा सिलिंडरही थोडा दाब शिल्लक ठेवून आणि व्हॉल्व्ह बंद करूनच द्यावा, नाहीतर बाहेरची दमट हवा आणि घाण आत जाते. गाडीतून उतरवताना सिलिंडर जमिनीवर आपटला, टायरवर टाकला किंवा व्हॉल्व्हला धरून ओढला, तरीही सीट आणि स्पिंडल बिघडतात. म्हणून नव्या सिलिंडरची तपासणी गाडी उभी असतानाच करावी आणि ज्याची टोपी नाही किंवा व्हॉल्व्हवर ठोकल्याच्या खुणा आहेत, तो त्याच गाडीने परत पाठवावा.